विद्यापीठाचं पीक कोण खातं? (निमित्त : भगवा डाळिंब)

माणदेशी_पोर | ३ डिसेंबर, रात्री १०:४०

मंडळी, परवा गावी चुलतबहिणीचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मांडवात दाजींनी विषय काढला. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला पुढे एमएस्सी करायचीय आणि जमलं तर फळझाडांच्या पैदाशीत पीएचडी. दाजींचं एकच पालुपद, "आणखी पाच-सहा वर्षं घालवून पॅकेज किती?" सगळा मांडव दाजींच्या बाजूने. कुणी म्हणे खताचं दुकान टाकून द्या, कुणी म्हणे एमपीएससीला बसवा.

मी विचारलं, "दाजी, दारात स्कॉर्पिओ कशावर आली?"
"डाळिंबावर."
"कुठल्या?"
"भगव्या. आणखी कुठल्या?"
"भगवा काढला कुणी?"

दाजी गप्प. मागून एक आवाज आला, "नर्सरीवाल्याने." हशा पिकला आणि विषय जेवणावर गेला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी १९३६ साली आळंदी वाणातून एक झाड निवडलं. तोच पुढे 'गणेश' झाला. सोलापूर, नगर, नाशिकच्या आमच्यासारख्या पडीक माळांवर डाळिंब उभं राहिलं ते गणेशच्या जिवावर. पण त्याचं साल पिवळसर, दाणा फिकट गुलाबी. खायला गोड, मऊ बी, पण बाजारात मांडलं की डोळ्यात भरत नाही. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९९४ला 'मृदुला' दिला आणि २००३च्या सुमारास 'भगवा'. जाड साल, शेंदरी रंग, आत लालभडक दाणा आणि टिकाऊ. एवढंच. पण त्या जाड सालीमुळे सांगोल्याचं फळ दिल्लीला, दुबईला सुकून न जाता पोचायला लागलं. साल पातळ असती तर आमचा तालुका अजून चाराछावणीच्या याद्यांतच राहिला असता.

मी लहानपणी आमच्या अण्णांच्या (थोरले चुलते) रानात फक्त बाजरी आणि मटकी पाहिलीय. आता तिथे भगव्याची पाच एकर बाग आहे. अण्णा सातवी शिकलेत. राहुरीचं विद्यापीठ त्यांनी अजून पाहिलेलं नाही, शिर्डीला जाताना फाटक दिसलं असेल तर तेवढंच.

म्हणून माझा प्रश्न. उच्च शिक्षणावरचा खर्च आपण नेहमी शिकणाऱ्याच्या पगारावरून का मोजतो? ज्याने भगवा निवडला त्याला महिन्याचा सरकारी पगार मिळाला असेल, संपलं. स्कॉर्पिओ दाजींच्या दारात आली. मग फायदा कुणाच्या खात्यावर मांडायचा?

---

ओसरीवरचा | ३ डिसेंबर, रात्री ११:०२

जागा पकडून ठेवतो. सवडीने लिहीन.

---

कुरकुंभ_फाटा | ४ डिसेंबर, सकाळी ७:२५

मस्त धागा. मी औषध कंपनीत आहे, बल्क ड्रगच्या बाजूला. आमच्याकडची गोष्ट सांगतो.

माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग (आताचं आयसीटी), १९३३ साली निघालं. मुंबईत तेव्हा कापड गिरण्या होत्या, म्हणून शिकवायचे काय, तर कापडाचं रसायन आणि केमिकल इंजिनिअरिंग. म्हणजे मूळ हेतू कापड रंगवण्याचा! तिथले पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन, रंगांच्या रसायनशास्त्रातला जगन्मान्य माणूस. पुढे ते पुण्यात पाषाणच्या एनसीएलचेही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय संचालक झाले. एनसीएलमध्ये त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत ए. व्ही. रामाराव. रामाराव पुढे हैदराबादला आयआयसीटीत (तिथली सरकारी रसायन संशोधन संस्था) गेले आणि तिथे एड्सवरचं एझेडटी हे औषध स्वस्तात बनवायची पद्धत त्यांनी बसवली. ती घेतली सिप्लाने. २००१च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसुफ हमीदसाहेबांनी जाहीर केलं की तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरला देतो. तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत त्यामुळे किती जीव वाचले, त्याचा हिशेब माटुंग्याच्या कुठल्या वार्षिक अहवालात लिहिणार?

डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी घ्या. यूडीसीटीत शिकले, पीएचडी एनसीएलला. केकी घरडा तिथेच शिकले, तिथेच शिकवलं, मग कारखाना काढला.

अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. नुसते शिकलेले असून भागलं नाही. १९७०चा पेटंट कायदा आला आणि औषधाच्या रेणूवरचं पेटंट गेलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवरचं राहिलं. म्हणजे वेगळ्या वाटेने तेच औषध बनवलं तर गुन्हा नव्हता (२००५ला नियम बदलेपर्यंत). पण वेगळी वाट शोधायची तर डोकं लागतं, आणि ती डोकी माटुंगा-पाषाणमध्ये आधीच तयार होऊन बसलेली होती. कायदा एकीकडे आणि माणसं एकीकडे असती तर दोन्ही वाया.

आमच्या प्लांटवर रात्रपाळीला रिॲक्टरशी जो मुलगा उभा असतो तो आयटीआयवाला, दौंडचा. त्याला वेंकटरामन कोण हे सांगून काय उपयोग? पण त्याचं घर त्यावर चालतं.

---

झाडीपट्टी | ४ डिसेंबर, सकाळी ९:५०

धागाकर्त्याचा उत्साह समजतो, पण नाण्याची दुसरी बाजू कोणी तरी सांगायला हवी, म्हणून लिहितो.

दादाजी खोब्रागडे. गाव नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. शिक्षण तिसरी. दीड एकराचा शेतकरी. १९८३च्या सुमारास 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, दरवर्षी पेरत, निवडत गेले. बारीक, सुवासिक तांदूळ निघाला. व्यापाऱ्याने नाव दिलं एचएमटी, कारण तेव्हा त्या घड्याळाची चलती होती. आज पुण्या-मुंबईच्या दुकानात एचएमटी कोलम म्हणून जो तांदूळ घेता तो या माणसाचा.

नंतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं, शुद्ध केलं आणि १९९८ला 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून प्रसारित केलं. दादाजींच्या हाती काय आलं? २००५मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आले. २०१८ला गेले तेव्हा उपचाराच्या पैशांची ओढाताण होती.

तेव्हा विद्यापीठाचं पीक शेतकरी खातो हे खरं असेल, पण शेतकऱ्याचं पीक विद्यापीठ खातं हेही लिहा.

---

माणदेशी_पोर | ४ डिसेंबर, सकाळी १०:१५

@झाडीपट्टी, मान्य. शंभर टक्के मान्य. आणि तुमच्या बाजूने भर घालतो. भगवाही जाहीर होण्याआधी शेतकऱ्यांत वेगवेगळ्या नावांनी फिरत होता. शेंदरी, अष्टगंध, मस्तानी, जय महाराष्ट्र अशी पाच-सहा नावं आमच्याकडचे जुने लोक अजून घेतात. द्राक्षातलं 'तास-ए-गणेश' तासगावच्या बागायतदाराच्या नजरेतून आलं, 'सोनाका' सोलापूरजवळच्या नान्नजचं. दोन्ही थॉमसनच्या वेलीतून निवडलेले.

फक्त एक विचारतो. थॉमसनची वेल मुळात इथे आली, रुजली, तिची छाटणी कशी करायची हे बसलं, तेव्हा कुठे तासगावकराला त्यातली वेगळी काडी ओळखता आली ना?

---

झाडीपट्टी | ४ डिसेंबर, सकाळी १०:३१

आणि पटेल-३ कुणी काढला, असं विचारणार असाल तर तो जबलपूरच्या शास्त्रज्ञांचा. माहीत आहे. मी विद्यापीठं बंद करा म्हणत नाहीये. श्रेयाच्या आणि पैशाच्या वाटपाबद्दल बोलतोय. २००१च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं वाण नोंदवता येतं. ही सोय १९८३ला असती तर चित्र वेगळं असतं.

---

तासिका_तत्त्व | ४ डिसेंबर, दुपारी २:१०

नावावरून ओळखलं असेलच. मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर, नववं वर्ष. नेट झालेलं आहे, पीएचडी झालेली आहे. मानधन तासावर. दिवाळी आणि मे महिन्यात काही नाही.

इथे वेंकटरामन, चिमा अशी नावं वाचून ऊर भरून आला, पण एक वास्तव सांगते. आमच्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी ब्युरेट फुटल्या. नव्या मागवायच्या तर तीन कोटेशन, मग समिती, मग मार्चअखेर. तोवर चाळीस मुलांमध्ये सहा ब्युरेट. एकाने टायट्रेशन करायचं आणि सहा जणांनी रीडिंग उतरवून घ्यायचं. शेवटचा मुलगा फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग न बघताच बीएस्सी होतो. तोच उद्या कुरकुंभ_फाटा यांच्याकडे क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) नोकरीला येतो.

यूडीसीटीने उद्योग उभे केले, खरं आहे. पण एका यूडीसीटीच्या मागे आमच्यासारखी शेकडो कॉलेजं आहेत. तिथून काय झिरपतं ते कुणी बघायचं?

---

कुरकुंभ_फाटा | ४ डिसेंबर, दुपारी २:४०

ताई, अगदी बरोबर. आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिले तीन महिने पिपेट धरायला शिकवण्यात जातात. आणि मग तोच वर्षाने सोडून हैदराबादला जातो. त्यामुळे कंपनी म्हणते, आपण कशाला शिकवा? सगळ्याच कंपन्या असंच म्हणतात. म्हणून तर हे सार्वजनिक पैशातून व्हायला हवं.

---

आकडेमोडे | ४ डिसेंबर, रात्री ९:०५

अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. कंटाळवाणं वाटलं तर खाली सरका.

धागाकर्ता जे विचारतोय त्यावर बरंच काम झालंय. शिकागोच्या झ्वी ग्रिलिचेसने १९५८ साली संकरित मक्याचा हिशेब मांडला. संशोधनावर सरकारी-खाजगी मिळून जेवढा खर्च झाला, त्यावर समाजाला वर्षाला किमान ७०० टक्के परतावा. नॉर्डहाउसने २००४मध्ये अमेरिकेच्या पन्नासेक वर्षांच्या आकडेवारीवरून काढलं की नव्या शोधाचा जो एकूण फायदा होतो त्यातला जेमतेम २.२ टक्के शोध लावणाऱ्याच्या पदरात पडतो. बाकी सगळा गिऱ्हाइकाकडे, मुख्यतः स्वस्ताईच्या रूपाने. दाजींच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे : पॅकेज म्हणजे त्या दोन टक्क्यांतला तुकडा.

२०२५चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयाला मिळालं. मोकीर, अगियाँ आणि हॉविट. यातले मोकीर इतिहासकार. त्यांचं सांगणं असं की एखादी गोष्ट कशी करायची हे कारागिराला माहीत असतं, ती का होते हे पंडिताला. दोघांची गाठ पडत नाही तोवर सुधारणा होतात आणि थांबतात. गाठ पडली की थांबत नाहीत. दादाजींकडे 'कसं' होतं. अकोल्याकडे 'का' होतं. गाठ पडली, पण बरोबरीच्या नात्याने पडली नाही.

पण मला खरं तर परदेशातली नावं घ्यायचीच नाहीत. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळ होऊन गेले. केंब्रिजला शिकले, १९३० साली पुण्यात गोखले संस्था सुरू झाली तिचे ते पहिले संचालक. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली. अहवाल १९४८ला छापला गेला. त्याच्या नावातच 'प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ' असे शब्द आहेत. सरकार कालव्याचा नफातोटा बघायचं तो पाणीपट्टीवरून. गाडगीळांनी गावोगाव जाऊन बघितलं की पाण्यामुळे आणखी कुणाकुणाचे हात चालायला लागले.

आणि ते अहवाल लिहून घरी बसले नाहीत. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ. १९५०-५१चा पहिला गळीत हंगाम. एक केंब्रिजचा अर्थतज्ज्ञ आणि एक चौथीपर्यंत शिकलेला लोणीचा शेतकरी. इनोव्हेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ॲप येतं. शेअर घेणारा शेतकरीच कारखान्याचा मालक, ही कल्पना चालवून दाखवणं हे काय कमी इनोव्हेशन होतं? पुढे त्याच्यातून काय काय राजकारण निघालं तो वेगळा धागा.

---

माणदेशी_पोर | ४ डिसेंबर, रात्री ९:३०

आकडेमोडे, दंडवत घ्या. 'पाणीपट्टीवरून कालव्याचा हिशेब'! हेच मला मांडवात सुचायला हवं होतं.

---

वेंगुर्लेकरीण | ५ डिसेंबर, सकाळी ११:४५

देशावरची मंडळी डाळिंब-द्राक्षांवरच थांबलात होय? आमच्या काजूक विसरलात!

वेंगुर्ल्याला दापोली विद्यापीठाचं फळसंशोधन केंद्र आहे. तिथले वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ हे काजू सिंधुदुर्गात घराघरांत आहेत, गोव्यातही गेलेत. पूर्वी आमच्याकडे काजू म्हणजे डोंगरावर आपोआप उगवलेलं झाड. बी एवढीशी. फोडायला त्रास आणि गर निघायचा चिमूटभर. वेंगुर्ला-७ची बी हातात घेऊन बघा, जड लागते. आमच्या वाडीत काजूचे तीन छोटे कारखाने आहेत. आई दहा वर्षं तिथे साल काढायला जायची. काळ्या तेलाने बोटांची कातडी जायची म्हणून राख लावायच्या, एरंडेल लावायच्या. माझी बारावीची फी त्यातून भरली गेली. मी आता बँकेत आहे.

म्हणजे बघा, काजूच्या कलमातून एका मुलीचं शिक्षण निघालं. उलटं पण चालतं!

---

ओसरीवरचा | ५ डिसेंबर, दुपारी १२:००

वरच्या प्रतिसादाला +१००. सवड अजून मिळाली नाही, पण वाचतोय.

---

पडीक_रान | ५ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

सगळं गोड गोड चाललंय. मी जरा मिठाचा खडा टाकतो.

भगवा आला, सगळ्यांनी भगवाच लावला. बांधाला बांध लागून एकच वाण. मग तेल्या आला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, पानावर आणि फळावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग पडतो, तो काळा होतो आणि फळ इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखं तडकतं. पाऊस आणि वारा सुटला की आठवड्यात बाग जाते. आम्ही २००७ साली साडेतीन एकर जेसीबी लावून उपटली. माझ्या वडिलांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. कर्ज फिटायला सहा वर्षं गेली. त्याच्यावर औषध म्हणून ज्याने जे सांगितलं ते मारलं. दुकानदार हाच डॉक्टर.

तेव्हा विद्यापीठ कुठे होतं? विद्यापीठ ते शेत हे अंतर कोण पार करतं? आमच्या गावाला कृषी सहायक वर्षातून दोनदा येतो, तेही सह्या घ्यायला. माहिती दुकानदाराकडून येते आणि दुकानदार त्याला ज्यात कमिशन जास्त तीच बाटली देतो.

---

माणदेशी_पोर | ५ डिसेंबर, रात्री ८:४०

@पडीक_रान, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडेही दोन बागा गेल्या, अण्णांची वाचली ती निव्वळ नशिबाने, कारण शेजारी डाळिंब नव्हतं.

तेल्या पसरायला लागल्यावर २००५ला सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं. तिथून बहार (फुलोऱ्याचा हंगाम) बदला, पावसाळ्यात फळ येऊ देऊ नका, बागेला विश्रांती द्या, निरोगी झाडाचीच गुटी (फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) घ्या, असं हळूहळू बसत गेलं. पण तुमचं म्हणणं खरं आहे की हे शेतापर्यंत यायला वेळ लागला आणि तोवर बागा गेल्या. आमच्याकडे ते आणलं कुणी? सरकारी यंत्रणेने कमी, आणि तालुक्यातल्या ज्या चार पोरांनी ॲग्री केलं होतं त्यांनी जास्त. व्हॉट्सॲप ग्रुप चालवतात, फोटो टाकला की सांगतात तेल्या आहे की नुसता डाग. त्यातल्या दोघांची स्वतःची दुकानं आहेत, तेही कमिशन खात असतील, पण निदान खोटं औषध देत नाहीत.

---

सातासमुद्रापार | ६ डिसेंबर, पहाटे २:५५

नेदरलँड्समधून. इथे वाखेनिंगन म्हणून शेतीचं विद्यापीठ आहे. मी तिथे दोन वर्षं होतो. देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा, आणि शेतमालाच्या निर्यातीत जगात अगदी पुढच्या रांगेत. विद्यापीठाच्या आवारातच बियाणे कंपन्यांची, दूध कंपन्यांची संशोधन केंद्रं. दुपारी कँटीनमध्ये प्राध्यापक, कंपनीवाला आणि ग्रीनहाउसचा मालक एकाच टेबलावर चीज-ब्रेड खात असतात. पडीक_रान विचारतात ते अंतर इथे अक्षरशः पायी पाच मिनिटांचं आहे.

आपली राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही विद्यापीठं १९६८ ते १९७२ दरम्यान निघाली, तीही अमेरिकेच्या शेती विद्यापीठांच्या धर्तीवर. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तीन कामं एकाच छपराखाली असायची, ही त्यातली मूळ कल्पना. आपल्याकडे विस्ताराचं मुख्य काम राज्याच्या कृषी खात्याकडे राहिलं. तीन पायांच्या तिवईचा एक पाय शेजारच्या घरात.

आणि हो, मी इथे आहे, म्हणजे माझ्या शिक्षणावरचा तुमचा पैसा इथे झिरपतोय. बोला काय बोलायचं ते.

---

झाडीपट्टी | ६ डिसेंबर, सकाळी ८:१०

बोलत नाही. परत या, एवढंच.

---

नाशिकचा_मळेवाला | ६ डिसेंबर, सकाळी ९:३५

पडीक_रान यांच्या प्रश्नाला आमच्याकडचं एक उत्तर. २०१०ला युरोपात आपली द्राक्षं अडकली. क्लोरमेक्वाट, म्हणजे आमच्या भाषेत सीसीसी, वेलीची वाढ रोखायला मारतात ते, त्याचा अंश सापडला. कंटेनरच्या कंटेनर तिथल्या बंदरात पडून. निर्यातदारांनी हात वर केले, शेतकऱ्यांचे पैसे बुडाले.

त्यानंतर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या लॅबचं महत्त्व सगळ्यांना कळलं. आता निर्यातीच्या बागेची नोंदणी असते, माल काढायच्या आधी नमुना जातो, रिपोर्ट आला की मगच कात्री लागते. नमुना न्यायला येतो तो पोरगा एमएस्सी केमिस्ट्री. माझ्या बांधावर उभा राहून पिशवीला सील करतो, बागेचा नंबर लिहितो. त्याच्या रिपोर्टवर माझा वर्षाचा पैसा अवलंबून. तासिका_तत्त्व ताई, तुमचे विद्यार्थी कुठे जातात विचारत होतात ना? त्यातला एखादा इथे आलेला असेल. ब्युरेटचं मात्र काही तरी करा, कारण त्याने चुकीचं रीडिंग घेतलं तर मेलो आम्ही.

---

तासिका_तत्त्व | ६ डिसेंबर, सकाळी ९:५०

:) या महिन्याचं मानधन जमा झालं की दोन ब्युरेट पदरच्या पैशाने आणते. खरंच आणते.

---

पडीक_रान | ६ डिसेंबर, दुपारी १:१५

ठीक आहे. पण माणदेशी_पोर, तुमचा मूळ मुद्दा अजून हवेतच आहे. फायदा झिरपतो, झिरपतो म्हणता. गाडगीळांनी गावोगाव जाऊन मोजलं. तुम्ही तुमच्या अण्णांच्या बांधावर बसून एक दिवस तरी मोजून दाखवा.

आणि भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास, हे आकडे पाठ आहेत मला. ते नकोत. तुमच्या बांधावरचं सांगा.

---

आकडेमोडे | ६ डिसेंबर, दुपारी १:४०

मी ते आकडे टाकायच्या बेतात होतो. गप्प बसतो.

---

माणदेशी_पोर | १४ डिसेंबर, रात्री ११:२०

उशीर झाला. काल शनिवारी गावी होतो, मृग बहाराची पहिली तोडणी होती. वही घेऊन बांधावर बसलो. अण्णांना वाटलं व्यापाऱ्यावर लक्ष ठेवायला आलोय, खूश झाले.

सकाळी सातला तोडणीच्या बारा बायका आल्या, जवळच्या वस्तीवरच्या. हातात छोटी कात्री, देठ अगदी फळालगत कापायचा, नाहीतर क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो. मुकादम एक. क्रेट वाहणारे चार. शेडमध्ये प्रतवारी करणारे तिघं, त्यातला एक बिहारचा. तो वजनकाट्याला हात न लावता, फळ तळहातावर घेऊन सांगतो कुठल्या बॉक्सचं. मी गंमत म्हणून पाच फळं काट्यावर टाकून बघितली, एकदाही दहा-पंधरा ग्रॅमच्या वर चुकला नाही. मग कागदाचे तुकडे कापून बॉक्स भरणाऱ्या दोघी. बॉक्स पंढरपूरकडून येतात, त्यांचा टेम्पोवाला. आमचा माल नेणारा आयशर, त्याचा ड्रायव्हर आणि क्लीनर. चहा-भजी घेऊन आलेला एक जण, त्याने दीडशे रुपयांचा धंदा केला.

हे फक्त त्या दिवशी समोर दिसलेले. वर्षभराचे वेगळे. छाटणीची टोळी, ठिबकवाला, शेणखताचा ट्रॅक्टर, गुटी दिलेला रोपवाटिकावाला, औषधवाला (कमिशनसकट), माती-पाण्याचा रिपोर्ट देणारी लॅब, आणि बाग धरायची की नाही ते विचारायला आम्ही ज्याला फोन करतो तो ॲग्रीवाला पोरगा. सगळे मिळून एकेचाळीस भरले. तिथून पुढे वाशी मार्केट, तिथला हमाल, दुकानदार, हातगाडीवाला. ते मी मोजले नाहीत. भगवा आता गुजरातेत कच्छ-बनासकांठ्यात आणि राजस्थानात बाडमेरकडेही लागलाय. तिकडे किती बांध आहेत देव जाणे.

प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवसाची मजुरी किंवा वर्षाची रक्कम लिहिली. शेवटी एक रकाना केला, 'विद्यापीठ'. अण्णांना विचारलं, राहुरीला आपण कधी काही दिलंय का? ते म्हणाले, "एकदा दैनंदिनी घेतली होती किसान मेळाव्यात." कुठल्या साली, किती रुपयांना, ते आठवेना. शून्य लिहिलं.

दाजी तिथेच खुर्चीवर होते. वही घेऊन बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "यात तुझ्या भाच्याचं नाव कुठल्या ओळीत येणार?" मी फोनवरच्या ॲग्रीवाल्याच्या ओळीवर बोट ठेवणार होतो, तेवढ्यात भाचाच म्हणाला, "शून्यावाल्या."

दाजी काही बोलले नाहीत. एमएस्सीच्या सीईटीचा फॉर्म कधी निघतो एवढं मात्र विचारलं.

---

वेंगुर्लेकरीण | १५ डिसेंबर, सकाळी ९:०५

भाच्याक माझो नमस्कार सांगा.

---

पडीक_रान | १५ डिसेंबर, सकाळी १०:३०

वही काढलीत, मानलं. पण हिशेबात चूक आहे. डाळिंबावर जीएसटी नाही, पण बॉक्सवर आहे, ठिबकच्या नळ्यांवर आहे, औषधाच्या बाटलीवर आहे, दाजींच्या स्कॉर्पिओवर तर सगळ्यात जास्त. आयशरच्या डिझेलवर वेगळा कर. म्हणजे सरकारला मिळतंय. शून्य आहे ते विद्यापीठाच्या रकान्यात, सरकारच्या नाही. मग तो पैसा राहुरीला परत का जात नाही आणि ताईंच्या ब्युरेटला तीन कोटेशन का लागतात, ते विचारा.

---

माणदेशी_पोर | १५ डिसेंबर, सकाळी १०:५०

कर धरलाच नाही मी. बॉक्सवाल्याची पावती अण्णांच्या कपाटात आहे. पुढच्या तोडणीला जाईन तेव्हा सगळ्या पावत्या काढून बसतो.